दांड्यापासून दातांपर्यंत

मोटारीच्या गिअरचा दांडा एकाएकी निर्जीव होतो, तेव्हा ती वार्ता चालकाच्या तळहाताला त्याच्या बुद्धीच्या आधी कळते. एरवी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जो किंचित प्रतिकार आणि त्या प्रतिकाराच्या शेवटी जो आश्वासक 'खट्' हाताला जाणवत असतो, तो नाहीसा होऊन दांडा भुसभुशीत मातीत रोवलेल्या काठीसारखा चहूकडे डोलू लागतो; इंजिन सुरळीत चालू असते, क्लच दाबून सोडलेला असतो, आणि मोटार मात्र जागची हलत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात, कारखान्यांची पहिली पाळी सुटून दुसरी भरण्याच्या वेळी, पुढे कामगारांच्या बसगाड्या आणि मागे कंटेनर अशा कोंडीत हा प्रसंग माझ्यावर ओढवला. मोटार वीस वर्षांची, लहान, पुढील चाके हाकणारी. टोचन करून ती ज्या गॅरेजात नेली, तेथील कारागिराने दांडा दोनदा हलवून पाहिला आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल, चार दिवस लागतील, आत काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही, असा निवाडा दिला.

मी ती मोटार तेथे ठेवली नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात एक वृद्ध फिटर स्वतःचे लेथ यंत्र लावून बसतात. हयातीचा बराचसा काळ मोठ्या कारखान्यात घालवून निवृत्त झालेले आणि सर्वांकडून 'मामा' या एकाच नावाने ओळखले जाणारे. त्यांनी मोटार घोडीवर घेतली, स्वतः पाठीवर आडवे होऊन खाली सरकले आणि मला आत बसवून म्हणाले, "साहेब, मी सांगेन तसा दांडा हलवा. पुढं. मागं. आता डावीकडं." तीन-चार वेळा हा खेळ झाल्यावर ते बाहेर आले. त्यांच्या तळहातावर सुपारीएवढा, कडा झिजून चिरफळ्या झालेला नायलॉनचा एक तुकडा होता. "गिअरबॉक्स खोलायचा नाही. त्याचं काही चुकलेलं नाही. तुमचा निरोपच त्याच्यापर्यंत पोचत नाही."

या प्रकरणात जे सांगावयाचे आहे ते मामांच्या त्या तीन लहान वाक्यांत येऊन गेले आहे. पुढील विवेचन म्हणजे त्यांचे भाष्य समजावे.

गिअरबॉक्सच्या आत दंतचक्रे असतात हे सर्वांस ठाऊक असते, परंतु दांड्याने आपण ती चक्रे एकमेकांत अडकवतो व सोडवतो, ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती यथार्थ नाही. पुढे जाण्याच्या गिअरांची चक्रे आधुनिक गिअरबॉक्समध्ये सदैव परस्परांत गुंतलेलीच असतात. त्यांपैकी कोणत्या चक्राने आस फिरवावयाचा, एवढेच ठरावयाचे असते, आणि ते ठरविण्याचे काम एक सरकती कडी करते. तिला सरकवणारा दोन बोटांचा चिमटा, म्हणजे फोर्क, आणि दोन फिरत्या भागांची गती आधी जुळवून मग त्यांना जोडणारी सिंक्रोमेशची पितळी कडी (ही योजना मोटारींत प्रथम कॅडिलॅकने 1928 साली आणली) ही सर्व मंडळी बंद पेटीत तेलात बुडून काम करतात. त्यांना बाहेरून दोनच गोष्टी कळाव्या लागतात. कोणता फोर्क निवडावयाचा ही पहिली, आणि तो कोणत्या दिशेस ढकलावयाचा ही दुसरी. आपण दांडा आडवा हलवतो तेव्हा पहिला हुकूम सुटतो, पुढे-मागे हलवतो तेव्हा दुसरा. चालकाच्या हातापासून पेटीच्या कवचातून बाहेर डोकावणाऱ्या शाफ्टपर्यंत हे दोन्ही हुकूम बरहुकूम, कमीजास्त न होता पोचविणारी जी दांड्यांची, सांध्यांची आणि सांध्यांतील पिनांभोवती बसणाऱ्या, मामांच्या हातातील तुकड्यासारख्या बुशांची साखळी, तिलाच लिंकेज म्हणतात. जुन्या दफ्तरांतील जासुदासारखी तिची अवस्था आहे: निरोप सुखरूप पोचत असतो तोवर तिची कोणी याद करीत नाही, आणि पोचेनासा झाला की आळ येतो तो ज्याला तो मिळालाच नाही त्याच्यावर.

ही साखळी प्रत्येक मोटारीत सारखीच लांब नसते, आणि तिची लांबी का वाढली याचा इतिहास आपल्या पिंपरी-चिंचवडच्या भूमीवरच पाहावयास मिळतो. ज्या परिसरात 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, ज्यास 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने आखीव रूप दिले, तेथे 1966 साली टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) आपले पुण्याचे काम सुरू केले. टेल्कोचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी त्या माळरानावर झाडे लावून घेतली, तळे करून घेतले, आणि प्रथम यंत्रे बनविणारी यंत्रे घडविण्यावर भर दिला, ही हकीकत येथील जुने कामगार आजही आदराने सांगतात. त्याच कारखान्यातून 1991 मध्ये सिएरा आणि 1994 मध्ये, मूळगावकरांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे धारण करणारी सुमो बाहेर पडली. या गाड्यांत इंजिन उभे, त्याच्यामागे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्स थेट चालकाच्या पायांशेजारी. त्यामुळे दांडा जवळजवळ पेटीच्या माथ्यावरच उभा असे, आणि निरोप्याची गरज फारशी पडत नसे. पुढे 1998 च्या अखेरीस इंडिका आली. ती पुढील चाके हाकणारी. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स बॉनेटखाली आडवे बसविलेले. बसण्यास जागा वाढली, वजन घटले, पण चालकाचा हात एका गावी आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गावी अशी स्थिती झाली, आणि मध्ये लिंकेज अपरिहार्य ठरले. आडव्या इंजिनाचा हा मार्ग 1959 सालच्या ब्रिटिश 'मिनी'ने जगात रूढ केला होता; आपल्याकडे तो 1983 पासून मारुती 800 ने घरोघरी नेला.

मारुती 800 ची रचना मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तिचे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले असले तरी या पट्ट्यातील गल्लीबोळांत ती आजही धावताना दिसते, आणि तिचे लिंकेज समजले की इतर पुष्कळ गाड्यांचे समजते. दांड्याच्या तळापासून एक लोखंडी रॉड पुढे गिअरबॉक्सकडे जातो. दांडा आडवा हलवला की हा रॉड स्वतःभोवती किंचित वळतो, आणि पुढे-मागे हलवला की लांबीच्या दिशेने सरकतो. म्हणजे निवड आणि ढकलणे हे दोन्ही हुकूम एकच रॉड दोन प्रकारच्या हालचालींनी वाहून नेतो. त्याच्या सोबतीला दुसरा एक रॉड असतो, जो काहीच हलवत नाही. दांड्याच्या बैठकीला तो गिअरबॉक्सच्या अंगाशी बांधून ठेवतो एवढेच. प्रथमदर्शनी तो निरुपयोगी वाटतो. परंतु आडवे इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की ते एकीकडे कलते, सोडला की दुसरीकडे. दांड्याची बैठक मोटारीच्या तळाला पक्की बांधली असती तर इंजिनाच्या प्रत्येक डोलण्यासरशी रॉड ओढला जाऊन गिअर आपोआप निसटला असता. दुसरा रॉड बैठकीला इंजिनाबरोबरच डोलवतो, आणि दोघांमधील अंतर अबाधित राहते. म्हणूनच चढावर जोर देताना गिअर निसटत असेल, किंवा ॲक्सिलरेटरच्या तालावर दांडा पुढे-मागे होत असेल, तर गिअरबॉक्सला दोष लावण्यापूर्वी या मूक रॉडच्या टोकाचे रबरी बुश पाहून घ्यावे.

याच्याही आधीच्या पिढीत, बहुतेक प्रीमियर पद्मिनींत, दांडा जमिनीतून येतच नसे. तो स्टिअरिंगच्या खांबावर असे. पुढील आसन सलग बाकासारखे ठेवून तेथे तिघांना बसता यावे, यासाठी अमेरिकेत तीसच्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय झालेली ही पद्धत होती. दांड्याचा निरोप खांबालगतच्या शाफ्टवरून खाली उतरे, तेथील बाह्यांवरून रॉडांकडे जाई आणि मग गिअरबॉक्सला भेटे. वाटेत जितके सांधे तितकी बुशे, आणि जितकी बुशे तितकी झीज. खांबावरील गिअरच्या गाड्यांत घाईने गिअर बदलताना खालच्या दोन बाह्या परस्परांत अडकून बसत, आणि मग चालक शांतपणे खाली उतरून, बॉनेट उघडून, हाताने त्या सारख्या करून पुन्हा गाडीत येऊन बसे, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांस लिंकेज कुठे असते हे वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

आता झिजेचा हिशेब पाहू, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. दांड्याची मूठ त्याच्या टेकूपासून 30 सेंटिमीटर वर आणि खालचे टोक टेकूपासून 5 सेंटिमीटर खाली आहे असे धरले, तर तळाशी एक मिलिमीटर ढिलाई झाली की मुठीला ती सहा मिलिमीटर जाणवते. साखळीत चार सांधे असतील आणि प्रत्येकात अर्धाच मिलिमीटर चाल आली असेल, तर तळाशी दोन आणि मुठीपाशी बारा मिलिमीटरांचा खेळ झाला. गॅरेजच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर; त्या मापाने चार सूत. चालक म्हणतो, "दांडा थोडा सैल झाला आहे, पण गिअर पडतात." पडतात हे खरे, परंतु पूर्ण पडत नाहीत. पेटीतील ती सरकती कडी एकंदर मोजकेच मिलिमीटर सरकत असते, आणि त्यांतील दोन मिलिमीटर वाटेतच हरवले, तर कडीचे दात समोरच्या दातांत अर्धेच शिरतात. सारा भार त्या अर्ध्या लांबीवर येतो, दातांच्या कडा गोल होत जातात, आणि काही महिन्यांनी गिअर खरोखरच निसटू लागतो. तेव्हा मात्र पेटी उघडावीच लागते. अल्प किमतीच्या बुशाकडे केलेल्या दुर्लक्षाने गिअरबॉक्सचा बळी जातो तो या मार्गाने, आणि एवढ्यासाठी सैल दांड्याची गाडी वर्षानुवर्षे हाकणाऱ्यांना मी कळकळीने सांगत असतो की, ही सवय नव्हे, हे दुखणे आहे.

दुखण्याचे निदान अवघड नाही. मोटार सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, चाकांमागे दगड ठेवून, इंजिन बंद असताना सर्व गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असता सर्व गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. लिंकेजशी त्याचा संबंध नाही. एकच एक गिअर अडतो किंवा निसटतो आणि बाकीचे निर्दोष आहेत, तर दोष बहुधा पेटीच्या आत असतो. सर्वच गिअर अंदाजाने शोधावे लागतात, तर बुशे झिजली आहेत. तिसरा-चौथा मिळतो पण पहिला-दुसरा सापडतच नाही, तर निवडीचा हुकूम अपुरा पोचतो आहे, म्हणजे जुळणी बिघडली आहे किंवा रॉड वाकला आहे. दांडा मुळीच प्रतिकार करीत नाही, तर साखळी कोठे तरी तुटली आहे. यानंतर मामांनी केली ती परीक्षा करावी: एकाने आत बसून दांडा हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नजर ठेवावी. दांडा हलतो आणि शाफ्ट हलत नाही, किंवा उशिराने हलतो, तर मधले सांधे एकेक करून बोटांनी चाचपत जावे. हरवलेली हालचाल कोठे हरवते ते बोटांना कळते. खाली शिरावयाचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर कदापि शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी घोडी.

वाटेतच लिंक तुटली तर काय करावे, याचाही तोडगा आहे. इंजिन बंद करून, बॉनेट उघडून, गिअरबॉक्सचा शाफ्ट हाताने दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून ठेवावा, मग क्लच दाबून इंजिन चालू करावे आणि त्याच एका गिअरमध्ये, संथ गतीने, जवळच्या ठिकाणी पोचावे. सांधा तारेने बांधून एवढीच मजल मारण्यास हरकत नाही. पण तारेवर महिना काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तार झिजवते ती बुशाला नव्हे, पिनेला. मग दोन रुपयांच्या ठिकाणी वीस जातात.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. मामांनी सांधा सोडण्यापूर्वी खडूने नव्हे, पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघेने रॉड आणि त्याच्या पकडीची परस्परस्थिती खुणावून ठेवली. खडू डिझेलने धुतला जातो, रंग राहतो. मग गंजलेल्या नटांवर तेल सोडून ते चहा प्यायला गेले. "घाई केली की बोल्ट तुटतो," एवढेच ते म्हणाले. परत येऊन रॉड उतरवला, डिझेलने धुतला, पुसून कोरडा केला, आणि पिनेवर व्हर्नियर लावला. मध्यभागी एक माप, तो आडवा फिरवून दुसरे माप. दोन्ही मापांत चार दशांश मिलिमीटरांचा फरक निघाला, म्हणजे पीन गोल उरलेली नव्हती. बाजारातून आणलेले नवे बुश त्या अंडाकृती पिनेवर चढवले असते, तर दांडा पहिल्या दिवसापासूनच थोडा सैल राहिला असता आणि गिऱ्हाइकाने बुशाला दोष दिला असता. जी गाडी अजून बनते, किंवा जिचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळतात, तिचा पूर्ण रॉडच नवा घ्यावा, हे मामा स्वतःच सांगतात. पण या मोटारीचा रॉड मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी पिनेवर वेल्डिंगचा थर चढवून ती लेथवर मूळ मापाला उतरवली.

बुश कशाचे करावे हा प्रश्न मात्र त्यांनी बराच वेळ हातात खेळवला. गनमेटलचे केले तर आयुष्य मोठे, पण इंजिनाची थरथर दांड्यातून हाताला येते, आणि वंगण सुकले की ते पिनेलाच खाते. काही कारागीर तर कंटाळून सांधा वेल्ड करूनच टाकतात. ढिलाई जाते खरी. पण जेथे वाकण्यास मुभा होती तेथे ती उरली नाही, म्हणजे इंजिनाच्या डोलण्याचा सारा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या तेलसीलवर जातो, आणि हा इलाज मी रोगाहून वाईट मानतो. बुश हे पिनेपेक्षा मऊ असलेच पाहिजे, कारण झिजण्याची जबाबदारी साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज बदलता येणाऱ्या वस्तूने पत्करावी अशीच त्याची योजना आहे. नायलॉन मऊ आहे, कमी आवाज करते, पण ओलावा शोषून किंचित फुगते. जून ते सप्टेंबर जिच्या पोटाखाली चिखल उडत राहतो, अशा चाकणच्या गाडीत ते पिनेवर आवळले जाते आणि दांडा जड होतो. डेल्रिन नावाने मिळणारे प्लास्टिक त्या मानाने पाणी फारच कमी घेते. मामांनी पांढऱ्या डेल्रिनची कांडी लेथच्या चकमध्ये धरली, आणि तिच्यावरून लांबच लांब, दुधी, न तुटणारी सळ निघू लागली. आतील छिद्र पिनेपेक्षा एक दशांश मिलिमीटर मोठे, बाहेरील व्यास सांध्यातील बुशाच्या घराला घट्ट बसेल असा. गाळ्याच्या पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस, हजारो गाड्यांच्या गिअरांचे दात मायक्रॉनांत मोजले जात असतील. इकडे एका जुन्या मोटारीसाठी एकच एक नग निघत होता, आणि दोन्ही कामांतील अदब मला सारखीच वाटली.

त्या घरात बुश बसविताना हातोडा लागला नाही. बाकावरच्या व्हाइसचे दोन जबडे, एकीकडे योग्य मापाचा सॉकेट, आणि सरळ दाब. मूक रॉडचे रबरी बुशही त्यांनी बदलले, आणि ते मात्र साबणाच्या पाण्याने भिजवून सरकवले. इंजिनाचे तेल किंवा साधे ग्रीस लावल्यास रबर फुगून कुजते, हे अनेक सुशिक्षित मोटारमालकांसही ठाऊक नसते. डेल्रिनच्या सांध्यात ग्रीसचा पातळ थर, धूळ अडविणारी रबरी टोपी, नवा नायलॉक नट, नवी स्प्लिट पीन. जुनी स्प्लिट पीन सरळ करून पुन्हा घालण्याची मुभा त्यांच्या गाळ्यात कोणासही नाही. शेवटी गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणि आतील दांडाही न्यूट्रलच्या जागी धरून पांढरी रेघ रेघेला मिळवली आणि पकड आवळली. दोन्हीकडील न्यूट्रल एक असले की उरलेले गिअर आपापल्या जागी येतात. तेथे केसभर चूक राहिली तर सर्वत्र राहते.

अलीकडच्या गाड्यांत रॉडांऐवजी दोन केबली असतात. 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि तेथून निघालेल्या पोलोत हीच योजना आहे: एक केबल निवडीची, एक ढकलण्याची, आणि दोहोंच्या टोकांना गोळीवर बसणारी प्लास्टिकची खोबण. केबल इंजिनाचे डोलणे स्वतःच्या लवचिकपणात जिरवते, म्हणून त्या मूक रॉडची गरज उरत नाही. पण वयोमानाने आणि इंजिनाच्या उष्णतेने अशी खोबण ठिसूळ होऊन फुटू शकते, वरचे आवरण चिरले तर आत पाणी शिरून केबल गंजते, आणि गंजलेली केबल दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. निदान मात्र तेच: आत एकाने दांडा हलवावयाचा, बाहेर दुसऱ्याने पाहावयाचे.

संध्याकाळी मामा शेजारी बसले आणि आम्ही नाशिक रस्त्याने मोशीपर्यंत जाऊन आलो. पाचही गिअर आणि रिव्हर्स त्यांनी स्वतः टाकून पाहिले, चढावर जोर देऊन मुठीवर नुसता तळहात ठेवला, आणि ती हलत नाही याची खात्री करून घेतली. गाळ्यात परतल्यावर त्यांनी खण उघडला. त्याच कांडीतून त्यांनी दुसरे बुशही काढून ठेवले होते. ते वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, वर पेन्सिलीने पिनेचे माप लिहून त्यांनी माझ्या हाती दिले. "पाचशे किलोमीटर झाले की नट एकदा तपासून घ्या. आणि हे गाडीतच ठेवा. पुढच्या खेपेला मी असेन-नसेन, माप असलं म्हणजे कुणीही करून देईल."

पैसे त्यांनी एकाच बुशाचे घेतले.